रात्री दहाचं गणित: शहरात नवीन राहायला आलेल्यांसाठी आवाजाचे नियम, तक्रार आणि दंड

पुण्यात, ठाण्यात, नाशकात नवीन फ्लॅट घेऊन राहायला आलात की पहिले दोन-तीन महिने आवाजाचं काही जाणवत नाही, कारण गॅस कनेक्शन, वायफायवाला आणि सुतार यांच्या मागे फिरण्यातच जीव निघालेला असतो. मग लग्नसराई सुरू होते, मागच्या लॉनवर हळद लागते आणि रात्री सव्वाअकराला कपाटाची काच थरथरायला लागते. तेव्हा माणूस मोबाईल काढून शोधतो की कायदा काय आहे, आणि समोर येतं ५५ डेसिबल, ४५ डेसिबल, पाच वर्षं कैद, एक लाख दंड. हे वाचून एकदम हुरूप येतो आणि मग चौकीत फोन केल्यावर कळतं की असं काही चटकन होत नाही.

मी या शहरात येऊन नऊ वर्षं झाली, त्यातली चार त्या लॉनशी भांडण्यात गेली (नाव लिहीत नाही, आता संबंध बरे आहेत). त्यातून एक गोष्ट शिकले ती आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचाल: "आवाज किती मोठा" यावर भांडत बसू नका, "आत्ता वाजले किती" यावर भांडा. डेसिबल सिद्ध करायला मशीन लागतं, घड्याळ सगळ्यांकडे असतं.

आधी आकडे बघून घ्या, पण त्यांच्या प्रेमात पडू नका

देशभर लागू असलेले ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यात दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, आणि शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. शांतता क्षेत्र म्हणजे हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा. पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केलेलं असावं लागतं, त्यामुळे नुसती शेजारी शाळा आहे म्हणून हक्काने भांडायला जाऊ नका, आधी जाहीर झालंय का ते बघा.

५५ म्हणजे किती? दोन माणसं समोरासमोर बसून नॉर्मल बोलतात तो आवाज साठच्या आसपास जातो. म्हणजे मेन रोडवरच्या कुठल्याही बाल्कनीत नुसत्या रिक्षा आणि बसनेच ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. आणि हे आकडे सरासरीचे आहेत, एखादा हॉर्न वाजला आणि काटा ८० वर गेला म्हणजे लगेच गुन्हा झाला असं नसतं.

आता यातली खरी गंमत नियम ७ मध्ये आहे, जी बहुतेक लोक वाचतच नाहीत. तक्रार करायला दोनच दारं आहेत. एक, आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वर असला पाहिजे, म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. किंवा दोन, रात्रीच्या बंधनाचा भंग झाला पाहिजे. दुसऱ्या दारात डेसिबलचा प्रश्नच येत नाही. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर चालू आहे एवढंच पुरे, तो ५० वर आहे का ९० वर हे मोजत बसायची गरज नाही.

मोबाईलवर मोजायचं असेल तर

मोजा, मीही मोजते, अंदाज येतो. पण ॲपचा आकडा म्हणजे पुरावा असं समजू नका, पोलिसांकडे किंवा प्रदूषण मंडळाकडे प्रमाणित मीटर असतं आणि त्याचंच वाचन धरलं जातं. शिवाय डीजेच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे जो मला फार उशिरा कळला. नियमातला डेसिबल हा "ए" वजनाचा असतो, म्हणजे माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजायचं, आणि कान खर्जाच्या आवाजाला कमी तिखट असतो म्हणून मीटरही खर्ज कमी धरतं. ६३ हर्ट्झच्या आसपासचा जो धडाम धडाम बेस असतो तो मीटर जवळपास २६ डेसिबलने कमी करून दाखवतं. त्यामुळे इकडे खिडकी थडथडतेय, छातीत धडधड होतेय आणि मोबाईलवर आकडा दिसतोय ६२. मी एकदा हा आकडा मोठ्या ऐटीत बीट मार्शलला (गस्तीवरच्या पोलिसाला) दाखवायला गेले आणि तो शांतपणे म्हणाला, मॅडम एवढं तर आत्ता आपण बोलतोय त्याचंच असेल. तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसरं एक, "दोन स्पीकर बंद केले ना ताई, निम्मा आवाज केला" असं तुम्हाला हमखास ऐकवतील. चार स्पीकरचे दोन केले की आवाज निम्मा होत नाही, फक्त ३ डेसिबल कमी होतो, कानाला जेमतेम कळेल इतकाच. आवाज अर्धा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल खाली यावे लागतात. त्यापेक्षा भिंतीची, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्पीकरची, दिशा फिरवायला सांगा, आमच्या लॉनवाल्याने शेवटी तेच केलं, तोंड नाल्याकडे केलं आणि वरच्या पट्टीतला किणकिणणारा आवाज तरी बराच उतरला. बेस मात्र फिरवला तरी येतोच, तो कुठेही वळून येतो.

रात्री १० नंतर नक्की काय बंद

लाऊडस्पीकर तर बंदच, पण नियमात स्पीकरबरोबर वाद्य आणि आवाज करणारं कुठलंही साधन असंही लिहिलंय. त्यामुळे "हे तर ढोल-ताशे आहेत, डीजे थोडीच आहे" किंवा "बेंजो चालतो" ही पळवाट नाही. सूट आहे ती बंदिस्त जागेला, म्हणजे ऑडिटोरियम, कॉन्फरन्स रूम, बँक्वेट हॉल वगैरे, आणि तीही आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. लॉन म्हणजे बंदिस्त जागा नाही, वर कापडी मंडप बांधला आणि बाजूने पडदे सोडले तरी नाही. हॉटेलची गच्ची तर नाहीच नाही.

निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला बंदी आहे (हसू नका, खरंच आहे), फटाक्यांना बंदी आहे आणि बांधकामाची आवाज करणारी मशिनरी चालवायलाही बंदी आहे. शेजारच्या प्लॉटवर रात्री एक वाजता ब्रेकर लावतात ना, त्याला हाच नियम लागतो. फटाक्यांसाठी आणखी एक मर्यादा आहे, फुटतो तिथून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाणारा फटाका बनवायला आणि विकायलाच परवानगी नाही. पण दिवाळीत टेप घेऊन ४ मीटर मोजायला कोण जाणार.

वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आपल्याकडे दर वर्षी जिल्हाधिकारी ही यादी जाहीर करतात, शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपतीतले काही दिवस, नवरात्रातले काही, ख्रिसमस, ३१ डिसेंबर असे दिवस साधारण असतात. जानेवारीत यादी आली की फोटो काढून ठेवा, कारण सेक्रेटरीपासून मंडळाच्या अध्यक्षापर्यंत प्रत्येकजण आपापल्या सोयीने "आज सूट आहे" म्हणतो. सूट वेळेची असते, आवाज कितीही वाढवायची नाही. आणि ती सणासमारंभाला असते, कुणाच्या भाच्याच्या हळदीला नाही. या १० च्या नियमाने पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफलीसुद्धा बंद पडल्या, तिथे आता जिथे सूट मिळेल तो एखादा दिवस १२ पर्यंत चालतो. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण जो नियम पहाटेच्या भैरवीला लागला तो लॉनवाल्याच्या डीजेला लागायलाच हवा ना.

आता तक्रार, क्रमाने

पहिलं म्हणजे खाली उतरून बोला. दहा वाजायला दहा मिनिटं असताना, एकटं न जाता, शक्यतो सोसायटीतल्या एखाद्या काकांना घेऊन. लग्नघरच्या वडीलधाऱ्या माणसाला शोधा, डीजेवाल्याशी बोलू नका, तो पैसे घेऊन आलाय आणि त्याला वाजव म्हणणारे वीस जण समोर नाचतायत. "काका, दहापर्यंत काही म्हणणं नाही, वर एक आजी आजारी आहेत, दहाला बंद करा" एवढं बोललात तर दहातल्या चार वेळा तरी काम होतं. प्यायलेले असतील तर परत फिरा, तिथे हिरोगिरी नको.

नाही झालं तर पोलिसांचा ११२ नंबर लावा. फोनवर तीन गोष्टी नीट सांगा, ठिकाण (लँडमार्कसकट, "मागच्या लॉनवर" असं सांगून काही होत नाही), काय वाजतंय आणि वाजले किती. "फार त्रास होतोय हो" हे सांगून उपयोग नाही, "११ वाजून २० मिनिटं झालीत, उघड्या लॉनवर डीजे चालू आहे" हे सांगा. नाव सांगायची भीती वाटत असेल, आणि भाड्याने राहणाऱ्यांना ती वाटतेच, तर माझं नाव पुढे जाऊ देऊ नका असं स्पष्ट सांगा. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने पोलिसांना हेच सांगितलंय की तक्रारदाराची ओळख न विचारता, न फोडता कारवाई करा. त्याच निकालात धार्मिक स्थळांच्या भोंग्यांसाठी पायऱ्याही दिल्यात, पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा दंड, त्यानंतरही ऐकलं नाही तर भोंगा जप्त आणि परवाना रद्द. लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही हेही कोर्टाने म्हटलंय, त्यामुळे तक्रार कुणाच्या देवाविरुद्ध नाही, आवाजाविरुद्ध आहे, हे स्वतःलाही एकदा सांगून ठेवा आणि सगळ्यांना एकच माप लावा. फक्त एकाच समाजाच्या भोंग्याची तक्रार करणारे पण स्वतःच्या मंडळाच्या भिंतीसमोर नाचणारे लोक मी बघितलेत, पोलीसही त्यांना बरोबर ओळखतात.

पोलीस येतात, आवाज कमी होतो, गाडी वळली की दहा मिनिटांत परत सुरू. हे होणार, धरूनच चला. परत फोन लावा. एका रात्री मी तीनदा लावला होता, तिसऱ्या वेळी फोनवरचा माणूस म्हणाला "तेच लॉन का?" आणि मला कळलं की आता नोंद झाली. कारण सगळा खेळ नोंदीचा आहे. एका फोनने कुणाचं काही बिघडत नाही, पण तारीख, वेळ, काय वाजत होतं, फोन किती वाजता केला, कोण आलं, परत कधी सुरू झालं, हे वहीत लिहून ठेवलंत आणि अशा चार-पाच रात्री झाल्या की त्याचा अर्ज होतो. व्हिडिओ काढताना आधी घड्याळ दाखवा, मग खिडकीतून बाहेर फिरवा. माझ्या त्या वहीत गणपतीपासून तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तापर्यंत सहा नोंदी झाल्या होत्या.

अर्ज स्थानिक पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे द्यायचा, मराठीत, एका पानात. विषयात "रात्री १० नंतर वारंवार ध्वनिक्षेपक वापराबाबत" असं लिहा. खाली नोंदी, मग तुमची मागणी. मागणी नेमकी हवी, "योग्य ती कारवाई करावी" असं मोघम लिहिलं की कारवाईही तशीच होते. मी लिहिलं होतं की या जागेला ध्वनिक्षेपकाची परवानगी दिली होती का आणि दिली असल्यास कुठल्या अटींवर ते कळवावं, आणि पुढची परवानगी देताना या नोंदी विचारात घ्याव्यात. सही शक्यतो पाच-सहा घरांची. सोसायटीचं लेटरहेड मिळालं तर फारच छान, त्याचा वजनदार परिणाम होतो आणि एकट्या माणसाचं नाव पुढे येत नाही. झेरॉक्सवर शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठायचं नाही, "ठेवून जा मॅडम" म्हटलं तरी नाही.

हायकोर्टाचा ऑगस्ट २०१६ चा ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवरचा मोठा निकालही माहीत असू द्या, पोलिसांना आवाज मोजायची मीटर द्या आणि तक्रारी नीट घ्या हे त्यात आलंय. अर्जात एका ओळीत उल्लेख केला तरी समोरच्याला कळतं की हा माणूस वाचून आलाय.

जनरेटर, चिलर, कारखाना असला रोजचा, कायमचा आवाज असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात अर्ज द्या, महापालिकेलाही प्रत द्या. हे लोक रात्री फोन केला म्हणून येणार नाहीत, पण कायमच्या आवाजाला तेच कामाचे.

दंड, कागदावर आणि प्रत्यक्षात

नेटवर अजून सगळीकडे "पाच वर्षं कैद किंवा एक लाख दंड" असं फिरतंय. ते पर्यावरण संरक्षण कायद्याचं जुनं कलम १५. जनविश्वास कायद्याने ते बदललं आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथे कैदेऐवजी १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड आलाय, चालूच ठेवलं तर दिवसाला आणखी १० हजार. आकडा मोठा दिसतो, पण तो ठरवणारा अधिकारी राज्यात सचिव दर्जाचा असतो, त्यामुळे आपल्या गल्लीतल्या हळदीपर्यंत ते प्रकरण पोचायचं कधी.

गल्लीत चालतं ते वेगळं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९२ म्हणजे सार्वजनिक उपद्रव, दंड १ हजारपर्यंत, जुन्या कायद्यात तो २०० रुपये होता. एका रात्रीचे पन्नास हजार घेणाऱ्या डीजेवाल्याला हजाराचं काय. त्याला भीती असते सिस्टीम जप्त होण्याची, कारण पुढच्या दिवशीची सुपारी घेतलेली असते, आणि लॉनवाल्याला भीती परवानगी अडकण्याची. म्हणून अर्जात दंडाच्या नाही, परवानगीच्या आणि जप्तीच्या गोष्टी लिहा.

गाड्यांचं वेगळं. मोटार वाहन कायद्यात विनाकारण हॉर्न किंवा सायलेन्सर कापून फिरण्याला पहिल्यांदा १ हजार आणि पुन्हा सापडला तर २ हजार दंड आहे. फटफट आवाज करणाऱ्या बुलेटचा नंबर दिसेल असा फोटो वाहतूक पोलिसांना पाठवता येतो.

सोसायटीच्या आतलं

वरच्या मजल्यावर टाइल कटर, शेजारी ड्रिल, खालच्यांचा कुत्रा, डोक्यावर मुलांची पळापळी. इथे पोलीस शेवटी, आणि खरं तर नकोच. "दुपारी २ ते ४ काम बंद, रविवारी बंद" हे कायद्यात नाही, ते सोसायटीच्या ठरावात असतं, त्यामुळे नवीन आलात की सेक्रेटरीकडून रिनोव्हेशनचे नियम मागून घ्या आणि स्वतःचं काम काढायच्या आधी तर नक्कीच घ्या. नियम मोडणाऱ्याला दंड लावायचा असेल तर आदर्श उपविधीनुसार तो सर्वसाधारण सभेने ठरवलेला हवा, आधी नोटीस द्यायला हवी, आणि वर्षाला ५ हजारांच्या वर नाही. सेक्रेटरीने व्हॉट्सॲपवर "उद्यापासून ५०० दंड" टाकलं म्हणून तो लागू होत नाही.

मुलांच्या पळण्यावर, मिक्सरवर, कुकरच्या शिट्टीवर कायदा शोधू नका, नाही मिळणार. जाड गालिचा आणि खुर्चीच्या पायांना लावायचे फेल्टचे गोल मिळतात, ते शेजाऱ्यांना भेट द्या, मी दिलेत.

आणि आवाज करणारे आपणच असू तेव्हा

वास्तुशांत, बारसं, वाढदिवस काहीही असो, उघड्यावर स्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते, दिवसासुद्धा. आठवडाभर आधी अर्ज द्या. आणि आपल्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त नको, म्हणजे निवासी भागात दिवसा ६०. गच्चीवर ठेवलेला एक बऱ्यापैकी ब्लूटूथ स्पीकर हे सहज मोडतो.

मला हे कसं माहीत, तर मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही गच्चीवर तोच एक स्पीकर लावला होता. माझी वही, माझा अर्ज, सगळ्या बिल्डिंगला माहीत. दहा वाजून वीस मिनिटांनी पहिल्या मजल्यावरचे काका जिना चढून वर आले, धापा टाकत, काही बोलले नाहीत, फक्त मनगट पुढे करून घड्याळ दाखवलं. मी पळत जाऊन वायरच उपटली. काकांनी केक खाल्ला आणि जाताना म्हणाले, लॉनच्या अर्जावर माझी सही घ्यायची राहिलीय बरं का.